एक शिलिंग, दुपारी एक वाजता

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा 'संगीतावर काहीतरी बोला' असं सांस्कृतिक समितीने मला सांगितलं. मी गाणारी नाही, ऐकणारी आहे. आयुष्यभर बँकेत काउंटरच्या मागे बसून लोकांचे हिशेब जुळवले आणि घरी आल्यावर स्वयंपाक करताना रेडिओ लावला, एवढाच माझा संगीताशी संबंध. त्यामुळे राग, घराणी यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी तुम्हाला मैफलींच्या एका मालिकेची हकिकत सांगणार आहे. ती आपल्या देशातली नाही आणि आपल्या संगीताचीही नाही. पण ती एका हॉलची हकिकत आहे, आणि हॉलचा विषय निघाला की आपल्या सोसायटीत सगळ्यांचे कान टवकारतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

साल १९३९. ३ सप्टेंबरला इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. विमानं येतील, बाँब टाकतील, म्हणून लंडनमध्ये रात्री एकही दिवा बाहेर दिसू द्यायचा नाही असा हुकूम निघाला. शहरातली लहान मुलं गाडीत बसवून खेड्यांकडे पाठवली गेली. माणसं एका ठिकाणी जमली आणि वरून बाँब पडला तर काय, या भीतीने नाटकगृहं, सिनेमागृहं, संगीताचे हॉल बंद झाले. म्हणजे कामावरून सुटलेल्या माणसाने संध्याकाळी अंधारात चाचपडत घरी जायचं आणि बातम्या ऐकत बसायचं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे ठरलेले कार्यक्रम रद्द झाले, त्यांची मिळकतही थांबली. कोविडचा टाळेबंदीचा काळ आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे, त्यामुळे हे फार समजावून सांगायला नको.

लंडनच्या मध्यभागी ट्रॅफल्गर चौक आहे. त्या चौकाच्या एका बाजूला नॅशनल गॅलरी नावाचं चित्रांचं मोठं संग्रहालय आहे. युद्ध सुरू व्हायच्या आधीच्या थोड्या दिवसांत तिथली चित्रं भिंतींवरून उतरवून वेल्समध्ये सुरक्षित जागी रवाना केली होती. पुढे १९४१ मध्ये तर ती तिथल्या डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या एका खाणीत नेऊन ठेवली. इमारत मात्र तिथेच होती. मोठमोठी दालनं, उंच छतं, आणि भिंतींवर काहीच नाही.

त्या वेळी लंडनमध्ये मायरा हेस नावाच्या नामवंत पियानोवादक राहत होत्या. आपण त्यांना हेसबाई म्हणू. वय एकोणपन्नास. वयाच्या सतराव्या वर्षापासून त्या जाहीर कार्यक्रम करत होत्या आणि अमेरिकेतही त्यांचं मोठं नाव होतं. त्या वर्षी त्यांचा अमेरिकेचा दौरा ठरलेला होता. तो त्यांनी रद्द केला आणि लंडनलाच राहिल्या. मग गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारलं, की तुमच्या रिकाम्या दालनात मैफल करता येईल का? दिवसा करायची, म्हणजे दिव्यांचा प्रश्न नाही, आणि आसपासच्या कचेऱ्यांतल्या लोकांना जेवणाच्या सुट्टीत येता येईल. क्लार्कसाहेबांनी होकार तर दिलाच, वर सुचवलं, की एखादीच कशाला, रोज करा!

हा 'रोज' फार महत्त्वाचा आहे. कल्पना मांडणारे पुष्कळ असतात. आपल्याकडेही सर्वसाधारण सभेत कल्पनांचा तुटवडा कधीच नसतो. पण जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने स्वतःहून 'रोज' म्हणणं, हे क्वचित घडतं.

१० ऑक्टोबर १९३९ रोजी, मंगळवारी दुपारी एक वाजता पहिली मैफल झाली. सरकारने परवानगी दिली होती ती दोनशे माणसांची. आली त्याच्या कितीतरी पट. बाहेर चौकात रांग लागली होती. पहिल्या दिवशी हेसबाईंनी स्वतःच वाजवलं. स्कार्लाती, बाख, बेटहोवन, शूबर्ट, ब्राम्स असा तासाभराचा कार्यक्रम, आणि बाखच्या एका भक्तिरचनेचं त्यांनी स्वतः पियानोसाठी केलेलं रूपांतर. इंग्रजीत अशा कार्यक्रमाला 'रिसायटल' म्हणतात. एक वादक किंवा एक गायक, फार तर सोबत साथीला एक जण, आणि समोर श्रोते. मध्ये कसलाही डामडौल नाही.

तिथून ते सुरू झालं. सोमवार ते शुक्रवार, रोज एक वाजता. प्रवेशाला एक शिलिंग, कोणीही या. खुर्च्या भरल्या तर जमिनीवर बसा, भिंतीला टेकून उभे राहा. कॅन्टीन स्वयंसेवक बायका चालवत. मध-मनुकांचे सँडविच ही तिथली खासियत होती. म्हणजे एका तासाच्या सुट्टीत पोटाचं आणि कानांचं, दोन्ही काम व्हायचं. येणाऱ्यांत टायपिस्ट मुली असत, कारकून असत, रजेवर आलेले सैनिक, परिचारिका, आणि कधी खुद्द राणीसाहेबसुद्धा. १९४२ मध्ये 'लिसन टू ब्रिटन' नावाचा एक छोटा माहितीपट निघाला. त्यात हेसबाई हवाई दलाच्या वाद्यवृंदाबरोबर मोझार्ट वाजवताना दिसतात आणि राणी इतरांसारखीच खुर्चीवर बसलेली दिसते. तरुण मंडळींनी तो जरूर शोधून पाहावा. श्रोत्यांचे चेहरे मुद्दाम बघा.

आता माझा आवडता भाग, म्हणजे हिशेब. त्या काळी वीस शिलिंगांचा एक पौंड होई आणि एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. एकट्याने वाजवणारा किंवा गाणारा कलाकार नामवंत असो की नवखा, मानधन एकच, पाच गिनी. म्हणजे १०५ शिलिंग. म्हणजेच १०५ तिकिटं खपली की त्या दिवसाच्या कलाकाराचे पैसे निघाले. नावाप्रमाणे दर नाही, घासाघीस नाही, 'अमक्याला जास्त का' अशी कुरबुर नाही. खर्च जाऊन जे उरेल ते गरजू संगीतकारांना मदत करणाऱ्या निधीला. बँकेतल्या माणसाला असा ताळेबंद बघून फार बरं वाटतं.

कोण कोण आलं या मालिकेत? जुनंजाणतं संगीत वाजवणारे पियानोवादक तर आलेच. व्हायोलिन-चेलोवाले चौघाचौघांचे संच आले. सैन्यात भरती झालेले वादक गणवेशातच येऊन वाजवून गेले. आणि त्या काळचं अगदी नवं संगीत करणारेही आले. बेंजामिन ब्रिटन हे तेव्हा तिशीच्या आसपासचे संगीतकार. ते स्वतः पियानोवर आणि त्यांच्याबरोबर गायक पीटर पिअर्स, अशी जोडी तिथे कार्यक्रम करून गेली. या दोघांनी आपण शस्त्र हाती घेणार नाही असं सरकारला रीतसर कळवलं होतं. बाहेर युद्ध पेटलेलं, आणि गणवेशातला वादक आणि युद्धाला नकार देणारा गायक, दोघांना मंच मात्र एकच.

आणखी एक नाव सांगते. कॅथलीन फेरिअर. ही मुलगी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ब्लॅकबर्न गावातली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केलेली. आवाज खर्जाकडचा, गंभीर. ती लंडनला राहायला आली आणि २८ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, या दुपारच्या मालिकेत गायली. पुढच्या दहा वर्षांत ती इंग्लंडची अतिशय लाडकी गायिका झाली. १९५३ मध्ये कर्करोगाने गेली, फक्त एकेचाळीस वर्षांची होती. एखाद्या मोठ्या हॉलने नवख्या बाईला स्वतंत्र कार्यक्रम देण्याआधी दहा वेळा विचार केला असता. पण जिथे रोज कोणीतरी लागतंच, तिथे नव्या माणसाला जागा मिळते. नियमित मालिकेचा हा एक फायदा मला फार मोठा वाटतो.

आता एक नाजूक गोष्ट. मघाशी जी नावं घेतली, बाख, बेटहोवन, ब्राम्स, ती सगळी जर्मन. म्हणजे रात्री ज्या देशाची विमानं डोक्यावर बाँब टाकतात, त्याच देशात जन्मलेल्यांचं संगीत दुपारी एक वाजता ऐकायचं. चालेल का? लोक काय म्हणतील? हेसबाई स्वतः ज्यू कुटुंबातल्या. जर्मनीत ज्यूंचं काय चाललं आहे हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी ते संगीत सोडलं नाही. एलेना गेरहार्ट नावाच्या ज्येष्ठ गायिका, जन्माने जर्मन, नाझी राजवटीत देश सोडून लंडनला आलेल्या. जर्मन भाषेतली गाणी हीच त्यांची आयुष्यभराची पुंजी. त्या या मालिकेत जर्मनमध्येच गायल्या, आणि साथीला पियानोवर स्वतः हेसबाई होत्या. श्रोत्यांनी त्यांना प्रेमाने ऐकलं. बेटहोवन हिटलरच्या मालकीचा नाही, एवढं त्या रांगेतल्या साध्या माणसांना कळत होतं.

इथे आपल्यातलं कोणी म्हणेल, 'अहो, पण ते आपल्यावर राज्य करणारे लोक!' खरं आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये आपल्या नेत्यांना त्याच सरकारने तुरुंगात टाकलं, आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं अन्नावाचून मेली. ते मी विसरत नाही, आणि विसरूही नये. पण जेवणाच्या सुट्टीत शिलिंग हातात घेऊन उभी असलेली टायपिस्ट म्हणजे सरकार नव्हे. रात्रभर तळघरात जागून सकाळी कामावर आलेली ती एक मुलगी होती. मी तिच्याकडे बघते आहे.

कारण सप्टेंबर १९४० मध्ये ज्याची भीती होती ते आलंच. ७ सप्टेंबरपासून लंडनवर सलग ५७ रात्री बाँबवर्षाव झाला. लोक सकाळी उठून बघायचे, की आपला रस्ता जागेवर आहे की नाही. मालिका बंद पडली का? नाही. वरच्या काचेच्या घुमटाखाली बसणं धोक्याचं होतं, म्हणून पियानो आणि खुर्च्या तळघरात गेल्या आणि पुढचे कित्येक महिने मैफली तिथेच झाल्या. गॅलरीच्या इमारतीवरही बाँब पडले. एकदा तर न फुटलेला बाँब इमारतीतच आहे असं कळलं. तेव्हा श्रोत्यांना घरी पाठवलं नाही, लांबच्या दालनात नेऊन बसवलं. चौघा वादकांचं बेटहोवन चालू असताना तो बाँब फुटला. वादक थांबले नाहीत.

हे शौर्य म्हणून मी सांगत नाही. मला त्यात दुसरंच काही दिसतं. रात्री काय होईल याचा कोणालाच भरवसा नव्हता. घर राहील का, नोकरी राहील का, शेजारी राहील का, काही सांगता येत नव्हतं. अशा वेळी 'उद्या एक वाजता मैफल आहे' हे एक वाक्य खरं ठरणार, याची खात्री होती. लोक संगीतासाठी येत होते, पण या खात्रीसाठीही येत असणार. आपल्या घरात कोणी आजारी असतं तेव्हा दूधवाला वेळेवर आला तरी किती धीर येतो, तसं काहीसं.

मालिका संपली १० एप्रिल १९४६ रोजी. बरोबर साडेसहा वर्षं. मी कॅलेंडर घेऊन बसले आणि मोजलं. पहिल्या मंगळवारपासून शेवटच्या बुधवारपर्यंत सोमवार ते शुक्रवारचे दिवस होतात १,६९७. आणि झालेल्या मैफली आहेत १,६९८. सुट्ट्या वजा आणि जादा मैफली जमा धरल्या तरी हिशेब एवढा जुळतो! त्यातल्या सुमारे दीडशे मैफलींत हेसबाई स्वतः वाजवायला होत्या. एकूण श्रोते ८,२४,१५२. म्हणजे दर मैफलीला सरासरी ४८५ माणसं.

मग संपली कशी? बाँबने बंद पडली नाही. विजेच्या टंचाईने नाही, पैशांच्या तोट्याने नाही, श्रोते कमी झाले म्हणूनही नाही. युद्ध संपलं, चित्रं खाणीतून परत आली, आणि गॅलरीला आपली दालनं हवी होती. तेही योग्यच म्हणा. चित्रांचं घर ते, चित्रं तिथे लागणारच. पण हेसबाईंना मालिका पुढे चालवायची होती. ती थांबली याचं त्यांना फार दुःख झालं. १९६५ मध्ये त्या गेल्या.

मुलीकडे लंडनला गेले होते तेव्हा मी त्या गॅलरीत हिंडून आले. भिंतींवर चित्रं आहेत, लोक फोटो काढताहेत, घुमटातून उजेड खाली येतो. इथे पियानो होता असं वाटतही नाही. मात्र अमेरिकेत शिकागो शहरात १९७७ पासून हेसबाईंच्या नावाने मैफली सुरू झाल्या. दर बुधवारी, दुपारच्या सुट्टीत, विनामूल्य, आणि मुख्यतः उमेदीतल्या कलाकारांच्या. त्या अजून चालू आहेत. म्हणजे कल्पनेला समुद्र ओलांडता आला, फक्त तिथे तिला कोणीतरी खोली आणि वार ठरवून दिला.

आता मंडळी, मी लंडनहून आपल्या हॉलमध्ये येते.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला इथे आपला कार्यक्रम होतो. सुरुवातीला सतरंजी होती, पंखा एकच होता आणि तोही आवाज करायचा. कुणी भावगीतं म्हटली, कुणी हार्मोनियम वाजवली, दोन वेळा चांगले शास्त्रीय गाणारे येऊन गेले. गेल्या वर्षी आपल्याच एका इमारतीतल्या शाळकरी मुलीने कीबोर्डवर पाश्चात्त्य संगीताचा एक सोपा तुकडा वाजवला, मध्येच चुकली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवला. त्या दिवशी उपस्थिती होती अकरा. मी दाराशी बसून मोजते, सवय आहे. कधी बावीस, कधी अठरा, पावसाळ्यात एकदा नऊ.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक प्रस्ताव आहे, तो सर्वांनी नोटीस बोर्डावर वाचला असेल. हॉल शनिवार-रविवार पूर्ण दिवस एका खासगी क्लासला भाड्याने द्यायचा, आणि त्या भाड्यातून दोन लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च भागवायचा. यात कोणाचा वाईट हेतू नाही. लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचं काय होतं, ते मी पाहिलं आहे. माझेही गुडघे काही तरुण नाहीत. भाडं घेऊच नका असं मी म्हणणार नाही. चित्रं भिंतीवर लागायलाच हवीत, तशी लिफ्टही चालायलाच हवी.

पण माझा साधा हिशेब ऐका. वर्षाचे बारा दुसरे शनिवार, प्रत्येकी दोन तास. होतात चोवीस तास. अख्ख्या वर्षात आपण संगीतासाठी हॉल मागतो आहोत एक दिवस. भाडेकरारात एवढी एक ओळ घाला: 'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी सहा ते आठ सभागृह संस्थेच्या वापरासाठी राखीव राहील.' तेवढ्यापुरतं भाडं कमी होईल, तर दारात डबा ठेवू. प्रत्येकाने वीस रुपये टाकायचे. बाहेरून येणाऱ्या कलाकाराला मानधन एकच, ठरलेलं. मोठा असो, लहान असो. आणि सर्वांत महत्त्वाचं, नऊ माणसं आली तरी कार्यक्रम रद्द करायचा नाही. तारीख हलवायची नाही. 'या महिन्यात लग्नं आहेत, पुढच्या महिन्यात बघू' असं एकदा म्हटलं की पुढचा महिना कधी उजाडत नाही. पंचवीस वर्षांत आपल्याकडे काय काय असं 'पुढच्या महिन्यात' गेलं, त्याची यादी मी इथे वाचत नाही.

या पंचवीस वर्षांत आपण एकमेकांना मुख्यतः पार्किंगवरून, गळतीवरून आणि थकबाकीवरून ओळखायला लागलो. ती ओळखही लागते, सोसायटी तिच्यावरच चालते. पण माझ्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा आवाज इतका गोड आहे, हे मला अकरा वर्षांनी इथे, या सतरंजीवर कळलं. तोवर मला त्यांचा फक्त सरकवलेल्या खुर्च्यांचा आवाज माहीत होता.

सभेत हा मुद्दा मी सूचना म्हणून मांडणार आहे. अनुमोदक लागेल. आज इथे बसलेल्यांपैकी कोणीही हात वर करावा.

ठराव होईल तो होवो, पण त्याआधी एक दुसरा शनिवार येतोच आहे, आणि तो अजून आपला आहे. ती कीबोर्डवाली मुलगी पुन्हा वाजवणार आहे. नवा तुकडा बसवते आहे, खालून जाताना मी ऐकलं. सायंकाळी साडेसहा. उशीर झाला तर दोन गाण्यांच्या मध्ये हळूच आत या, कोणी काही म्हणणार नाही. फक्त चपला दाराशी आडव्या काढू नका.